बाप कुठे होता?

श्रावणात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटला. मामेभावाची मुलगी पहिलीत आहे. तिच्यासाठी आणलेल्या गोष्टींच्या पुस्तकात पाचपैकी तीन गोष्टींत सावत्र आई दुष्ट निघाली. भाऊ म्हणाला, असली पुस्तकं बंद करावीत. हल्ली वर्गात दोन-तीन मुलांच्या घरी आईचं नाहीतर बाबांचं दुसरं लग्न झालेलं असतं, त्या पोरांनी काय समजायचं? त्यावर मोठ्या मावशीने लिहिलं, पूर्वीच्या लोकांनी काहीतरी बघितलं असेल म्हणूनच सांगितलं ना. मग दोन तट पडले. जुनं जपणारे एकीकडे, मुलांची मनं जपणारे दुसरीकडे. रात्री कुणीतरी मला लिहिलं, 'तू बोल, तुला हक्क आहे.'

मी सावत्र आई आहे, त्यातून आलेला हा हक्क. नऊ वर्षांपूर्वी मिरजेहून ओसाकाला आले तेव्हा नवऱ्याची मुलगी सात वर्षांची होती. तिची आई आजारपणात गेली, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. आज ती इथल्या सरकारी हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षात आहे. मला ती मावशी म्हणते, मैत्रिणींशी जपानीत बोलताना 'हाहा', म्हणजे आई. दोन्ही हाका मला पुरतात.

त्या रात्री मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. त्याच आठवड्यात लेकीने शाळेतून 'कोतेन'चा, म्हणजे प्राचीन साहित्याचा धडा आणला होता. 'ओचिकुबो मोनोगातारी' या हजार वर्षांपूर्वीच्या कथेतला उतारा. तिला जुनी भाषा समजत नव्हती, मला तर मुळीच नाही. म्हणून आम्ही वाचनालयातून आजच्या जपानीतली प्रत आणली आणि जेवणाच्या टेबलावर रोज थोडी थोडी वाचून काढली. ग्रुपवर जे लिहायला हवं होतं ते त्या वाचनात मला सापडलं.

'ओचिकुबो' म्हणजे खोलगट जागा. दहाव्या शतकाच्या शेवटाकडची ही कथा, चार खंडांची. कुणी लिहिली ते नक्की ठाऊक नाही. क्योतोतल्या एका चूनागोनच्या, म्हणजे मधल्या दर्जाच्या दरबारी मंत्र्याच्या वाड्यात एक मुलगी आहे. तिची आई राजघराण्यातली, ती वारली. बापाची मुख्य बायको तिला वाड्याच्या टोकाच्या, जमिनीच्या पातळीहून खाली गेलेल्या खोलीत ठेवते आणि सगळ्यांना सांगते, हिला ओचिकुबो म्हणा. खोलीचं नाव माणसाला चिकटतं. मुलगी कोतो हे तंतुवाद्य सुरेख वाजवते आणि तिचा शिवणाचा हात विलक्षण आहे. म्हणून सावत्र बहिणींच्या नवऱ्यांचे कपडे रात्र रात्र बसून तिनेच शिवायचे. स्वतःच्या अंगावर मात्र विरलेलं पातळ वस्त्र.

तिच्याजवळ एकच माणूस आहे, आकोगी नावाची दासी. या आकोगीमुळेच मिचियोरी नावाचा तरुण सरदार त्या खोलीपर्यंत पोचतो. त्या काळी नवरा रात्री बायकोकडे यायचा आणि लागोपाठ तीन रात्री आला की लग्न झालं असं धरत. तिसऱ्या रात्री तांदळाचे मोची खायचे. नेमका त्या रात्री धो धो पाऊस. मिचियोरी चालत निघतो, वाटेत पहारेकरी त्याला चोर समजून अडवतात, तो शेणाघाणीत पडतो, तरी येतो. आकोगीने कुठून कुठून मागून आणून मोची तयार ठेवलेले असतात. आईविना मुलीचं लग्न एका दासीने उसन्या तांदळावर लावलं. लेकीला पावसातला नवरदेव आवडला. माझं लक्ष त्या मोचीपाशीच राहिलं.

पुढे सावत्र आईला सुगावा लागतो. ती नवऱ्याकडे जाऊन खोटंच सांगते, की मुलीने एका हलक्या चाकरीच्या माणसाशी संबंध ठेवलाय. आणि बाप काय म्हणतो? उत्तरेकडच्या खोलीत कोंडा, खायला देऊ नका, तशीच झिजून मरू दे.

हे वाचून लेक थांबली. मलाही दोनदा वाचावं लागलं. आतापर्यंत आमचा सगळा राग त्या बाईवर होता. पण मरू दे हा शब्द बापाच्या तोंडचा आहे. पोटच्या मुलीला एक प्रश्न विचारावा असंही त्याला वाटलं नाही. याच्या आधी, कथेच्या सुरुवातीला एक छोटा प्रसंग येऊन गेला होता. शौचाला जाता-येता तो त्या खोलीत डोकावतो, मुलीच्या अंगावरचे कपडे पाहून त्याला वाईट वाटतं, इतकी मुलं आहेत, तुझ्याकडे बघायला जमत नाही असं काहीसं पुटपुटतो आणि बायकोला सांगतो, हिला काहीतरी जुनं वस्त्र दे. म्हणजे त्याला सगळं दिसत होतं. तो त्याच वाड्यात राहत होता. लेकीने विचारलं, 'मावशी, मग गोष्टीला सावत्र आईची गोष्ट का म्हणतात?'

माझा नवरा शेजारीच भांडी पुसत होता. तो काही बोलला नाही, पण फडकं ठेवून येऊन बसला.

या कथांसाठी जपानीत एक नावच आहे, 'मामाको इजिमे', सावत्र मुलांचा छळ. मामाको म्हणजे सावत्र मूल. पीठ पाण्यात कालवताना ज्या गुठळ्या राहतात, नीट मिसळत नाहीत, त्यांनाही इथे मामाकोच म्हणतात. हे मला बेसन कालवताना शेजारच्या आजींनी सांगितलं तेव्हा हातातला चमचा थांबला होता. आपल्याकडे तरी काय? लग्नाच्या जाहिरातीत आपण किती सहज छापतो: 'घटस्फोटित, विनापाश'. मूल म्हणजे पाश. आणि विदर्भाला निधी कमी मिळाला, मराठवाड्याचं पाणी अडलं, की पुढारी म्हणतात, 'सावत्रपणाची वागणूक दिली'. तो शब्द ऐकताना घरात सावत्र नात्याने राहणाऱ्या पोराला काय वाटत असेल, याचा विचार पुस्तकं बंद करा म्हणणाऱ्यांनीही केलेला मी पाहिला नाही. गोष्टीतली एक बाई पुसून टाकली तरी भाषा आहे तशीच राहते.

मोठ्या मावशीच्या म्हणण्याकडे वळते. पूर्वीच्या लोकांनी काहीतरी बघितलं होतं, हे तिचं म्हणणं खरं आहे. पण काय बघितलं होतं? हेइआन काळात, म्हणजे आठव्या शतकाच्या अखेरीपासून बाराव्या शतकापर्यंत, क्योतोच्या बड्या घरांत पुरुषाला अनेक बायका असत आणि मुलं सहसा आईच्या घरी, आजी-आजोबांजवळ वाढत. बापाची दुसरी बायको दुसऱ्या वाड्यात. एरवी तिच्याशी मुलांची गाठही पडायची नाही. मूल तिच्या छपराखाली यायचं ते आई गेली आणि आजोळही उरलं नाही तर. अशा मुलामागे कुणी नसायचं. 'उशिरोमी' हा त्यांचा शब्द. पाठीशी उभं राहून सांभाळणारं माणूस. दरबारात, लग्नात, वाटणीत, सगळीकडे उशिरोमीवाचून मुलीचं अडायचं. ओचिकुबोची कथा त्या पाठ मोकळी पडलेल्या मुलीची आहे. आपल्या बायकांना हे ठाऊक होतं. 'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण त्याच अनुभवातून आली असणार. आईमागे आईचं माहेर हवं.

कागदाचाही भाग आहेच. ओचिकुबोला आईकडून सान्जो भागातला एक वाडा आलेला असतो. बापाच्या घरचे तो आपलाच समजून दोन वर्षं खर्च करून बांधून काढतात. राहायला जायच्या वेळी मिचियोरीची माणसं आधीच आत जाऊन बसलेली असतात, कारण वाड्याच्या मालकीचा कागद मुलीजवळ आहे. पूर्ण कथेत मला सर्वांत समाधान देणारी जागा ही. खोलगट खोलीत कोंडलेली मुलगी घरमालकीण होती आणि हे कुणी विचारलंच नव्हतं. आपल्याकडे मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती २००५ साली झाली. आईवेगळ्या किती मुलींना आईच्या दागिन्यांची यादी कुणी दिली, हे मला माझ्या नात्यात मोजता येईल आणि मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतील. आमच्या लेकीच्या आईचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये तिच्या नावाच्या चिठ्ठीसह आहेत. हे मी लग्नाआधी मागून घेतलं होतं. सासरी काहींना ते खटकलं.

कथेच्या उत्तरार्धाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. मुलीला सोडवल्यावर मिचियोरी सूड उगवू लागतो. सावत्र आईच्या गाड्या यात्रेत अडवतो, तिच्या म्हाताऱ्या मामाला बदडवतो, आणि चौथ्या सावत्र बहिणीला फसवून घोड्यासारख्या तोंडाच्या, सगळ्यांनी हसावं अशा एका माणसाशी लग्न लावून देतो. त्या चौथीने काय केलं होतं? काहीच नाही. ओचिकुबो स्वतः नवऱ्याला वारंवार थांबवते. शेवटी मिचियोरी सासऱ्याला मोठं पद मिळवून देतो, चौथीचं पुन्हा चांगलं लग्न लावतो, सावत्र आईलाही मान मिळतो. बापाला क्षमा आणि पदोन्नती एकदमच. त्याला जाब विचारला जात नाही तो नाहीच.

ओसाकात राहून या कथांचे पत्ते सापडतात. आमच्या घरापासून ट्रामने सुमियोशीचं देवस्थान जवळ आहे, लाल कमानदार पूल असलेलं. 'सुमियोशी मोनोगातारी'तली मुलगी सावत्र आईने रचलेल्या कटातून निसटून याच किनाऱ्यावर, आईच्या जुन्या दाईजवळ येऊन लपते. पाइनमधून येणाऱ्या वाऱ्यात तिच्या कोतोचा आवाज ऐकून तिला शोधणारा सरदार तिथे पोचतो. आता समुद्र भर घालून खूप मागे सारलाय, वाऱ्यात ट्रामची घंटा ऐकू येते. शितेन्नोजी मंदिर तर माझ्या रोजच्या वाटेवर. मध्ययुगात भटके कथेकरी शिन्तोकुमारू नावाच्या मुलाची कथा गात. सावत्र आई आपल्या मुलाला वारसा मिळावा म्हणून त्याला शाप लावते, तो आंधळा आणि महारोगी होतो. आणि या मंदिराच्या दारात त्याला टाकून यायला सांगतो तो त्याचा बाप.

मग मी बाकीच्या कथा मुद्दाम याच नजरेने वाचल्या. 'हाचिकाझुकी'त मरणाऱ्या आईने मुलीच्या डोक्यावर ठेवलेलं भांडं निघतच नाही. सावत्र आईच्या चुगल्या ऐकून बाप तिला तशीच घराबाहेर काढतो, ती नदीत उडी घेते आणि त्या भांड्यामुळेच तरंगते. नारा भागातल्या ताइमा मंदिरात चूजोहिमेची आख्यायिका सांगतात. तिने कमळाच्या धाग्यांनी बुद्धाच्या स्वर्गभूमीचं चित्र विणलं, साल सांगतात ७६३. तिच्यावरच्या 'हिबारियामा' या नोह शैलीतल्या जुन्या जपानी नाटकात कुणाच्या तरी सांगण्यावर विश्वास ठेवून मुलीला ठार मारायचा हुकूम सोडतो बापच. सेवकाला ते करवत नाही म्हणून ती डोंगरात वाचते. हाचिकाझुकीचा बाप निदान पुढे घर सोडून हासे इथल्या करुणेच्या देवतेपुढे, कान्नोनपुढे, मुलीसाठी रडतो. त्याच्यासाठी माझ्या मनात जागा आहे.

श्रावणातल्या आपल्या कहाण्या आठवा. शिवामुठीच्या कहाणीत राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. तिला उष्टं खायला, जाडंभरडं नेसायला, गुरांच्या बेड्यात राहायला. तिथे सासरा राजा आहे, घरचा कर्ता, आणि शिवाच्या कृपेने तिचं वैभव दिसेपर्यंत त्यालाही काही दिसत नाही. ध्रुवाला बापाच्या मांडीवरून उतरवणारी सुरुची आपल्या पाठ असते. उत्तानपाद राजा तेव्हा काय करत होता, हे मला शाळेत कुणी विचारायला लावलं नाही. मांडी त्याची होती.

मामेभावाच्या बाजूनेही हजार वर्षांपूर्वी कुणीतरी उभं होतं, आणि तेही साधंसुधं कुणी नाही. 'गेंजी मोनोगातारी' या मुरासाकी शिकिबुच्या दीर्घ कथेत काजव्यांचा अध्याय आहे, 'होतारू' त्याचं नाव. त्यात पावसाळ्याच्या दिवसांत बायका चित्रकथा चाळत असतात. कथानायक गेंजी आपल्या लहान मुलीसाठी कथा निवडतो आणि दुष्ट सावत्र आईच्या कथा बाजूला काढतो. का? ती मुलगी सावत्र आईजवळ, मुरासाकीजवळ, वाढते आहे. मुलीला वाटायला नको की सावत्र आईचं मन असंच असतं. मला हे वाचून गहिवरून आलं. हजार वर्षांपूर्वीच्या एका लेखिकेला माझं घर कळलं होतं.

तिने केलेली मांडणी बघा. मुरासाकी स्वतः आईवेगळी. तिच्या बापाच्या बायकोला तिचं सुख सलतं, आणि गेंजीवर राजकीय संकट आल्यावर बाप तिच्याशी संबंधच तोडल्यासारखा वागतो. ही सावत्र मुलगी पुढे सावत्र आई होते. बर्फाच्या दिवसांत तीन वर्षांची मुलगी खऱ्या आईच्या हातून सुटून तिच्याकडे येते आणि ती तिला असं वाढवते की शेवटी दोन्ही आयांची एकमेकींशी गाठ पडते तेव्हा त्यांच्यात आदर असतो. स्वतः लेखिका मुरासाकी शिकिबुचं लग्न आधीच्या बायका-मुलं असलेल्या माणसाशी झालं होतं. तो १००१ साली वारला. तिच्या कवितासंग्रहात त्याच्या मुलीची एक कविता आहे. बापाचं हस्ताक्षर हाती लागलं तेव्हा तिने ती लिहिली: संध्याकाळच्या धुक्यात बेटाआड गेलेल्या पाखराच्या पाउलखुणा बघत त्याचं पिल्लू चकवा लागल्यासारखं फिरतंय. वडील गेल्यावर त्या मुलीने ही ओळ आपल्या सावत्र आईला दाखवावी, यातच दोघींचं नातं मला दिसतं.

तरी गेंजीशी मी सहमत नाही. त्याचा हेतू मोलाचा, पण मुलीला कथा न देता ती गोष्ट झाकली जाते, संपत नाही. आमच्या लेकीला सावत्र आईविषयी गोष्टींतून कळलं नाही. मिरजेला गेल्यावर लग्नाच्या मांडवात बायकांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, 'नीट वागते ना गं तुझ्याशी?' ती तेव्हा नऊ वर्षांची होती. परत येताना विमानात तिने मला विचारलं, नीट म्हणजे कसं? गोष्ट टेबलावर उघडी असली तर दोघींना तिच्याकडे बघत बोलता येतं. मांडवातल्या प्रश्नाकडे तसं बघता येत नाही.

आणि बाहेरचं जग बघता खलनायिका ठरवून टाकणं धोक्याचंही आहे. २०१९ च्या जानेवारीत चिबा प्रांतातल्या नोदा शहरात दहा वर्षांची एक मुलगी घरच्या मारहाणीत गेली. मारणारा सख्खा बाप होता. तिने शाळेच्या प्रश्नावलीत मदत मागितली होती आणि शिक्षण मंडळाने त्याची प्रत बापाच्याच हाती दिली. त्याच वर्षी जपानने आईवडिलांच्या मारहाणीला बंदी घालणारा कायदा केला, २०२२ च्या डिसेंबरात दिवाणी कायद्यातून पालकांचा 'शिस्त लावण्याचा हक्क' काढून टाकला. सख्ख्याने केलं म्हणजे वळण लावलं, असं म्हणायची सोय कायद्याने बंद केली. आपल्याकडे हे अजून घराघरांत चालतं. सख्खी आई मारते तेव्हा शेजारी दार लावून घेतात. मी आवाज चढवला तरी लोक कान देतील.

आपल्या १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमात, सहाव्या कलमाखाली स्पष्ट लिहिलंय की आई आणि बाप या शब्दांत सावत्र आई, सावत्र बाप येत नाहीत. जपानातही दत्तकविधान केल्याशिवाय कायद्याने मी तिची आई ठरत नाही. लेक आजारी पडली की सही बापाची. कायद्याने मला काहीच न ठेवणं आणि गोष्टींनी सगळा दोष माझ्यावर ठेवणं, हे एकाच वेळी चालतं. भावाने पुस्तकांच्या मागे लागण्यापेक्षा या कलमाच्या मागे लागावं, मी त्याच्यासोबत सही करीन.

तर ग्रुपवर मी लिहिलं ते असं. पुस्तक ठेव. तुझ्या मुलीला सगळ्या गोष्टी सांग. फक्त दर गोष्टीला थांबून विचार, हिचे बाबा तेव्हा कुठे होते? आणि हिच्यासाठी उसने तांदूळ आणणारं कोण होतं? मोठ्या मावशीने बराच वेळाने उत्तर दिलं. तिचे वडील म्हणजे माझे आजोबा. त्यांनी दुसरं लग्न केलं होतं, हे मला माहीत होतं. मावशी पहिलीची, हे मला माहीत नव्हतं. तिने लिहिलं, 'अण्णा ओसरीवर बसलेले असायचे. त्यांना सगळं ऐकू यायचं.' पुढे कुणी काही लिहिलं नाही.

लेकीची परीक्षा झाली. आता आम्ही 'साराशिना निक्की' वाचतोय. एका बाईने पुढे लिहिलेल्या आठवणी. बापाची नेमणूक होती त्या कझुसा प्रांतातून १०२० साली, तेराव्या वर्षी, ती राजधानीला निघते. तिला कथांचं वेड लागलं ते सावत्र आईने आणि बहिणीने संध्याकाळी बसून सांगितल्या म्हणून. राजधानीत आल्यावर सावत्र आई बापापासून वेगळी होते. निघताना म्हणते, दारातल्या उमेला, म्हणजे जपानी प्लमच्या झाडाला, फुलं आली की येईन. मुलगी हिवाळाभर त्या झाडाकडे बघत राहते. फुलं येतात, निरोप येत नाही. मग ती एक फांदी मोडून पाठवते, सोबत कविता: थंडीने करपलेल्या उमेलाही वसंत विसरला नाही, मी अजून वाट बघायची का? उत्तर येतं, बघत राहा, ज्याने वचन दिलं नाही असंही कुणी त्या फांदीपाशी येईल.

लेकीने विचारलं, त्यांचं नातं मोडलं ते बापाशी, मग हिला भेटायला का नाही आली? मी म्हटलं, तिला येऊ दिलं असेल का, ते आधी बघू. आम्ही पुढचं पान उलटलं.